खुंटीला खडू

पाळकांनी सत्यवान सरांच्या खांद्यावर शाल घातली आणि त्यांच्या डाव्या हातात नारळ दिला. उजवा हात दीड वर्षापूर्वीच्या झटक्यापासून मांडीवर नुसता पडून होता. त्याच झटक्यात वाचाही गेली. मागे एकच शब्द उरला.

"आमेन," सर म्हणाले.

"बघा!" पाळक माईकवर म्हणाले. "देवानं सगळे शब्द नेले, पण नेमका हा ठेवला. केवढी कृपा!"

नगरच्या चर्चचा हॉल टाळ्यांनी भरून गेला. सरांच्या चाकाच्या खुर्चीशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मेरीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

समोर पुण्याहून आलेले चार वादक बसले होते. तिघांची वाद्यं ज्याची त्याची. मैत्रेयीच्या गुडघ्यांत मात्र चर्चचा जुना चेलो होता, सरांनी चाळीस वर्षं दर रविवारी वाजवलेला. आज तो नीट बोलला, तर ती महिन्यातून दोनदा येऊन मंडळीतल्या मुलांना त्यावर शिकवणार होती.

तिनं जाड तारेची खुंटी पिळली, गज फिरवला, मान हलवली. सर खुर्चीत पुढे झुकले. नुसती पिळून ती खुंटी कधी थांबली आहे? मार्च लागला, हवा कोरडी पडली, की लाकूड आकसतं. खुंटी बाहेर काढायची, खडू फासायचा, मग आत रेटत पिळायची. सदऱ्याच्या खिशात खडू होता. सकाळी त्यांनीच आठवणीनं टाकला होता.

सरांनी नारळ सोडून दिला आणि हात खिशाकडे नेला. नारळ गडगडत खुर्चीखाली गेला.

"अहो, मानाचा आहे तो!" मेरीबाईंनी वाकून तो उचलला, त्यांच्या हातात दिला आणि बोटं मिटवून वरून आपला हात ठेवला.

वादन सुरू झालं. चार ओळी जेमतेम झाल्या आणि जाड तार कण्हत खाली बसली. मैत्रेयीनं थांबून पुन्हा खुंटी पिळली.

"आमेन! आमेन!" सर तिच्याकडे बघत ओरडले. तिनं छातीला हात लावून मान लववली.

"लई तल्लीन झालेत सर," मागच्या रांगेतल्या शेजारीण बनुबाई म्हणाल्या.

सरांच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती. मेरीबाईंनी त्यांच्या खिशातला रुमाल ओढला, तर सोबत खडू बाहेर आला.

"बघा बनुबाई. शाळा सुटून वीस वर्षं झाली, पण यांचा खडू काही सुटंना." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मेरीबाईंनी खडू पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

तिसऱ्यांदा तार उतरली, तेव्हा मैत्रेयीनं गज खाली ठेवला. "वाद्य थकलंय हो," ती हळू म्हणाली. "आता त्याला त्रास नको द्यायला."

पाळक उठले. "हरकत नाही. काचेचं कपाट करू, वर सरांचं नाव घालू. काय सर, चालेल ना?"

सगळा हॉल सरांकडे वळला. सरांनी खुंटीकडे पाहिलं, मग मेरीबाईंच्या पर्सकडे. वाक्य डोक्यात अक्षर न् अक्षर तयार होतं. खुंटीला खडू लाव, पोरी. त्यांनी सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं.

"आमेन."

"आमेन," मंडळी उभी राहून एका सुरात म्हणाली.