तिसऱ्या ओळीतला हुंदका

"आज तिथे हुंदका येणार नाही," आरशासमोर बसल्या बसल्या बाईंनी जाहीर केलं.

दादांच्या हातातला कप हातातच राहिला. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, आणि कार्यक्रमांची सगळी सूत्रंही त्यांच्याच हातात. "वेड लागलंय का तुला? लोक त्यासाठीच तर येतात!"

ते काही खोटं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी रेकॉर्डिंग चालू असताना काचेपलीकडे दादा येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पाहूनच कळलं, आई गेली. तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर आवाज फुटला. टेप संपत आली होती, म्हणून पुन्हा न गाता तेच रेकॉर्डिंग ठेवलं. रेकॉर्ड हातोहात खपली आणि जॅझ गाणारी एक साधी पोरगी सगळ्यांची 'बाई' झाली.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात आईला त्या ओळीवर पुन्हा मरावं लागे. गाण्याच्या क्लासांतून मुलींकडून तो हुंदका घोटून घेत. एका स्पर्धेला बाई परीक्षक होत्या. बावीस मुली नेमक्या त्याच जागी हुंदकल्या. बाईंनी हसतमुखाने गुण दिले आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं.

"शेवटचा कार्यक्रम आहे, दादा. एकदा तरी आईला ते गाणं धड ऐकवू दे."

दादांनी चष्मा काढून पुसला. "त्या ओळीला विंगेत माझ्याच्यानेही उभं राहवत नाही गं," ते म्हणाले. "गा तुला हवं तसं."

पियानोवाल्याने मात्र डोकं खाजवलं. "बाई, तिथे थांबायची सवय झालीय. बोटं आपसूक उचलली जातात."

"मग आज त्यांना दम दे."

दुपारी सभागृह खचाखच भरलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. बाईंनी डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. तिसरी ओळ सुरू झाली, आणि गळा मोकळा आहे हे त्यांना कळलं. आपण सुटलो, असं वाटून त्या गाता गाता हसल्या. पियानो थांबला नाही. शेवटच्या शब्दावर सूर सरळ, अखंड लागला.

आणि नेमक्या त्याच जागी अख्खं सभागृह एका गळ्याने हुंदकलं.