सोनोग्राफीची चिठ्ठी

चंद्रपूरला सोनोग्राफीचं मशीन नवीन आलं होतं. बायकोला तिथं पाठवायची चिठ्ठी मागायला लहानू चौथ्यांदा उपकेंद्रात आला, तेव्हा नर्स यशोधराबाई वैतागल्या. "सीताचं रक्त चांगलं, बीपी चांगला, बाळाचं डोकं खाली. तिले धक्के खात कायले नेतोस?" "मशीनमंधी सारं दिसते म्हंतेत, बाई." "तुले काय पाहाचं?" लहानूची मान खाली गेली. "माही माय मले जनम देतानीच गेली. रक्तच थांबलं नाई." बाईंचा सूर उतरला. "थे मशीनले आधी दिसत नाई. त्यासाठी दारात गाडी पायजे. जीपवाल्याले सांगून ठेव." बारा दिवसांनी सीताला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. दारातल्या जीपमध्ये बाई ब्रह्मपुरीच्या दवाखान्यापर्यंत रक्त थांबावं म्हणून तिचं पोट चोळत बसल्या. सीता वाचली. लेकीला घेऊन लहानू रडू लागला, तशा बाई खेकसल्या, "काऊन रडून राह्यला? पोरीची मान धर!"