एकादशीचं रताळं
एकादशी होती, आणि शेजारच्या म्हाताऱ्या ओकुबोसान गरमागरम भाजलेलं रताळं घेऊन दारात उभ्या होत्या. सासूबाई नुकत्याच खिचडी घेऊन बसल्या होत्या. पुण्याहून आमच्याकडे टोकियोत, निशी-कसाईला येताना साबुदाणा, दाणे, अगदी शेंदेलोणसुद्धा त्यांनी बॅगेत भरून आणलं होतं. रताळ्याच्या जांभळ्या सालीकडे बघून त्या मला हळूच म्हणाल्या, "परक्या मुलखातलं गं हे, उपवासाला नको. आपली खिचडी आहे की." माझी सातवीतली लेक ज्ञानदा खो खो हसली. "आजी, तुझ्या खिचडीतलंच सगळं परकं आहे! साबुदाण्याचा कंद, दाणे, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिकेतलं. आत्ताच शाळेत झालं. युरोपियन लोकांनी तिथल्या माणसांच्या जमिनी बळकावल्या आणि त्यांची पिकं बोटींत घालून जगभर नेली. रताळंसुद्धा त्यातलंच." सासूबाईंचा चमचा ताटलीतच थांबला. मला वाटलं, आता या उठल्या तर दिवसभर पाणीही घ्यायच्या नाहीत. पण त्यांनी ओकुबोसानना हाताला धरून शेजारी बसवलं, रताळ्याचे दोन तुकडे केले आणि मोठा त्यांना दिला. खाण्याआधी ओकुबोसाननी हात जोडले, मान लववली आणि म्हणाल्या, "इतादाकिमासु." "कुणाला गं नमस्कार करतात या?" सासूबाईंनी विचारलं. "ज्यांनी पिकवलं त्यांना, आजी." सासूबाईंनी आपला तुकडा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि जोडले. "थांब, मलाही करू दे. जन्मभराच्या एकादश्यांचे नमस्कार राहिलेत माझे."