दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तरांनी पोटच्या पोरीला त्याच गाडीत शिकवलं. भीती कशाशी खातात, तिला ठाऊकच नव्हतं. काटा ऐंशीच्या पुढे गेला की खिदळायची. “माझ्यावर गेलीय,” मास्तर कौतुकाने सांगत सुटायचे. तिचा हिरमोड नको म्हणून वळणावर ते गुपचूप आपला ब्रेक दाबायचे, वर पाठ थोपटायचे, “झकास वळवलीस गं.” पोरीला ते खरंच वाटायचं. मागच्या आठवड्यात तिने स्वतःची गाडी घेतली. परवा नेहमीच्याच वळणावर ती कठड्यावर आदळली. आज दवाखान्यात ती शुद्धीवर आली. पांघरूण उजव्या गुडघ्यापाशीच सपाट झालं होतं; अजून तिला कळलं नव्हतं. “बाबा, माझं चुकलं कुठे? नेहमीसारखीच तर वळवली होती.” मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. खाटेखाली त्यांचा पाय तेवढा फरशी दाबत राहिला.