एक वाक्य त्याचं, एक तिचं

चेन्नईतल्या वेलचेरीच्या हॉटेलात निधी उजव्या हातानं इडली खात, डाव्या हातानं मोबाइलवर टाइप करत गालातल्या गालात हसत होती, आणि समोर बसलेल्या नवऱ्याच्या, सिद्धार्थच्या, अंगाचा तिळपापड होत होता. तिच्या ऑफिसातला श्रीहरी आणि ती मिळून महिनाभर एक गोष्ट रचत होते. ती व्हायची दुर्गा, तो जहाजाचा कप्तान. एक वाक्य त्याचं, एक तिचं.

"उद्या तुझा कप्तान दुर्गेचा हात धरेल," सिद्धार्थ फणकारला.

"नाही धरू शकत. आपलं पात्र आपणच चालवायचं, असा नियमच आहे. तो फार तर हात पुढे करेल. धरायचा की नाही, ते मी लिहिणार."

तेवढ्यात वेटर आला. "रेंडु कापी," सिद्धार्थनं सवयीनं दोघांची कॉफी सांगून टाकली.

निधी हात धुवायला उठली, तसा त्यानं उघडा राहिलेला मोबाइल आपल्याकडे ओढला. कप्तानानं विचारलं होतं, "काय घेणार? चहा की कॉफी?"

खाली दुर्गेचं उत्तर होतं, "चहा. कॉफी मला कधीच आवडत नव्हती. पण इतकी वर्षं विचारलं कुणी?"