दोन मिनिटांचं पाऊल

उत्तर तिसऱ्यांदा तेच आलं. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं, फार तर अर्धा तास इकडेतिकडे.

भट्टीतून निघालेल्या पोलादी कांबी किती वेळात निवतात, ते काढण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. या वेळी कांबीच्या जागी बाबा होते. संध्याकाळी डॉक्टरांनी नोंदवलेलं अंगाचं तापमान, खोलीचं तापमान, छातीचा घेर, एवढ्यावरून बाबा नेमके कधी गेले ते सांगायचं होतं.

ताईने हट्टच धरला होता. त्या दिवशी साडेअकराला बाबांचा फोन तिला आला होता. ती दुकानात गिऱ्हाईकाचं माप घेत होती, तिने तो कापला. आठवडा झाला, तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"लगेच गेले असतील तर मी फोन उचलूनही काय होणार होतं?" सकाळपासून चारदा म्हणून झालं होतं. "तेवढं एक सांग मला."

आणि बाबा पुढे दोन तास होते. एकटे.

स्वयंपाकघरात कप वाजले. ताई चहा घेऊन येत होती. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं, ताईपुढे तर नाहीच. मग त्याने गणितालाच तोंडघशी पाडायचं ठरवलं. हे गणित वेळेची छोटी छोटी पावलं टाकत पुढे जातं. पाऊल मर्यादेबाहेर गेलं की आकडे पिसाळतात. त्याने एका मिनिटाचं पाऊल दोन मिनिटांचं केलं. हाताखालच्या पोरांनी ही चूक केली की तो त्यांना फाडून खायचा.

पडद्यावर बाबांच्या छातीचं तापमान सदतीस होतं. मग एकतीस, मग बावन्न, मग उणे एकशे नव्वद.

"काही हाती लागत नाही गं," तो म्हणाला. "बघ ना, आकडे कसे सैरावैरा धावतायत. नाही सांगता येणार."

ताईने कप खाली ठेवले. चष्मा लावून ती बराच वेळ पडदा बघत राहिली. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

"अरे, तुझा प्रबंध टाइप कोणी केला होता?" ती म्हणाली. "पाऊल मोठं घेतलं की असंच होतं, हे मीच चार प्रकरणांत बडवलंय."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती वेळ होते रे बाबा?"