राखीव पत्ता

“एक पत्ता द्या, भावोजी. एकच,” वरच्या मजल्यावरची शिवणवाली दारातूनच म्हणाली. “काल आलेल्या पाहुणीचा फोन नेटला जोडतच नाही.”

“एकही शिल्लक नाही, वहिनी,” काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. बोलणं टाळायचं असलं की ते चष्मा पुसत.

इमारतीत सगळे त्यांना पत्तेवाले काका म्हणत. नव्या बिऱ्हाडकरूंना वाटे, गडी जुगारी दिसतो. काकांनी उभ्या जन्मात पत्त्यांचा जोड हातात धरला नव्हता. साऱ्या इमारतीचं इंटरनेट एकच होतं आणि त्याची पेटी काकांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर हे लोढणं त्यांनी आपणहून गळ्यात घेतलं होतं. कोणाचाही फोन, टीव्ही, लॅपटॉप आला की तो आधी पेटीला आपलं नाव सांगे आणि पत्ता मागे. पेटी आपल्याकडच्या मोजक्या पत्त्यांतला एक त्याला देई. पत्ता नाही, तर इंटरनेट नाही. यंत्र निघून गेलं की काही वेळाने तो पत्ता पुढच्याला. पण पेटी जुनी, आणि हल्ली लिफ्टलासुद्धा पत्ता लागे.

“लिफ्टचा काढून द्या. एरवी बंदच असते ती,” शिवणवाली म्हणाली.

“मग ती बंद पडली हे दुरुस्तीवाल्याला कळणार कसं?”

“आम्ही आत अडकून बोंबलतो ना, तसं कळेल.”

काका हसले नाहीत. स्वतःच्या टीव्हीचा पत्ता त्यांनी केव्हाच खालच्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला होता. “तुमच्या फोनचा द्या पाहुणीला.”

“माझा फोन बटणांचा. त्याला कसला आलाय पत्ता!” ती खोलीत आली आणि पेटीला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर वाकली. यंत्रांची नावं एकाखाली एक होती, मालकांनी ठेवलेली. एकाचं नाव ‘साहेब’, एकाचं ‘हात लावू नका’. सगळ्यात खाली एक करडी ओळ होती. राखीव.

“आणि हा?”

“तो हलणार नाही.”

तो कोणाचा, हे तिला ठाऊक होतं. काकांची मुलगी लहानपणी जिना कधी एकेका पायरीने उतरलीच नाही, उड्या मारत यायची. म्हणून काका तिला खारूताई म्हणत. मोठी झाल्यावर तिने फार दूरची नोकरी धरली आणि काका रागाच्या भरात बोलून गेले, “गेलीस तर या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस.” लेक बापाच्याच वळणावर गेलेली. तिने शब्द पाळला. फोन नंबरही बदलला. काकांनी मात्र तिच्या लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवला. कधीतरी ती येईल, लॅपटॉप उघडेल आणि काही न विचारता घर तिला ओळखेल. तोंडाने ‘ये’ म्हणणं त्यांना जमलं नव्हतं. हे जमलं होतं.

वरून धडधड ऐकू आली. छताचा पोपडा भुरभुरला.

“पाहुणीचं पोर आहे की घोडं? कालपासून माझ्या डोक्यावर नाचतंय.”

“पाय आहेत, नाचणारच. तुम्हाला काय मूल नव्हतं?” शिवणवालीने जीभ चावली. मग हळू आवाजात म्हणाली, “तिला एक निरोप धाडायचाय. तिचं सिमकार्ड इथे चालत नाही. समोर जाऊन बोलायला निघते, चपला घालते आणि परत काढून ठेवते. निरोप गेला नाही, तर आज संध्याकाळी निघून जाईन म्हणते.”

“मग माझ्या फोनवरून धाडू दे.”

“दुसऱ्याच्या फोनवरून धाडण्यातला नाही तो.”

“कोणाशी बिनसलंय एवढं?”

“शपथ घातलीय मला. बोलले तर जीभ झडेल.” ती स्टुलावर टेकली. “पण एक बोलते. तुम्ही रिकामी खुर्ची राखत बसलाय, भावोजी, आणि इकडे माणूस ताटकळतंय.”

“पेटीला माणूस ओळखू येत नाही, वहिनी. यंत्र ओळखू येतं. हा पत्ता त्या लॅपटॉपशी बांधलाय. मी सोडला आणि उद्या ती आली तर?”

“तर दार उघडा! पत्त्याचं काय घेऊन बसलात?”

काकांनी त्या करड्या ओळीकडे पाहिलं. कुठल्याशा घरात कोणीतरी त्या पाहुणीच्या निरोपाची वाट बघत असेल, असं त्यांच्या मनात आलं. आपला शब्द आपल्याला धाडता आला नाही. निदान दुसऱ्याचा तरी अडायला नको.

त्यांनी करड्या ओळीवर बोट ठेवलं. पेटीने विचारलं, नक्की? काकांनी हो म्हटलं. ओळ पुसली गेली.

“जा. फोन पुन्हा जोड म्हणावं तिला.”

शिवणवालीने तोंड फिरवलं. एरवी गुडघ्यांच्या नावाने रडणारी ती बाई धावत जिना चढली.

काका पडद्यासमोर बसून राहिले. आता राखायला काही उरलं नव्हतं. तरी कुणाचं तरी काम होणार, याचं त्यांना बरं वाटत होतं. पत्ता न देता परत पाठवलेल्या यंत्राचं नाव पेटी कधी दाखवत नसे. आता पाहुणीचं नाव तरी कळेल.

वरची धडधड थांबली. मग ती जिन्यात आली. कोणीतरी छोटं, पायऱ्या गाळत, उड्या मारत खाली येत होतं.

मोकळ्या जागी एक नवी ओळ उमटली. काकांनी चष्मा पुसला आणि नाव वाचलं.

खारूताई.